गुणफलकावर न दिसणारा ‘पब्लिक हिरो’

महाड, प्रतिनिधी : रायगड जिल्ह्यातील कबड्डी स्पर्धांच्या बक्षीस समारंभात विजेता, उपविजेता, उत्कृष्ट चढाई आणि उत्कृष्ट पकड अशी नावे पुकारून झाली की आणखी एका बक्षिसाची उत्सुकता शिल्लक राहते. ते बक्षीस असते ‘पब्लिक हिरो’चे. इतर बक्षिसांचा निकाल गुणलेखकाच्या कागदावरून लागतो. या बक्षिसाला तसा आधार नाही आणि कबड्डीच्या नियमपुस्तकातही त्याचा उल्लेख नाही. ज्या खेळाडूने प्रेक्षकांना जागेवरून उठविले, ज्याच्या चढाईची सर्वांनी वाट पाहिली, त्याला ते दिले जाते. अनेकदा त्याचा संघ उपांत्य फेरीतही पोचलेला नसतो.

महाड आणि पोलादपूर हे जिल्ह्याच्या अंतर्भागातील, सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके. येथील वाड्यावस्त्यांवर भाताची कापणी आणि झोडणी आटोपली की स्पर्धांचे दिवस सुरू होतात. गावच्या देवाच्या नावाने किंवा क्रीडा मंडळाच्या नावाने संघ उतरतात. सामने बहुधा रात्री प्रकाशझोतात होतात, कारण दिवसा खेळाडूही कामावर असतो आणि प्रेक्षकही. महाडच्या औद्योगिक वसाहतीतील पाळी संपवून आलेला तरुण, शेतकरी, शाळकरी मुले, महिला आणि शिमग्याला किंवा पूजेला मुंबईहून आलेले चाकरमानी असा हा प्रेक्षकवर्ग असतो. मैदानात उतरलेला गडी कोणत्या वाडीचा, कोणाचा मुलगा किंवा पुतण्या, हे त्यातील निम्म्या लोकांना ठाऊक असते.

खेळाची रचनाच जवळिकीची

प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यातील हे नाते कबड्डीत सहज जुळते, याचे कारण खेळाच्या रचनेत आहे. पुरुषांचे मैदान अवघे १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. गावच्या स्पर्धेत प्रेक्षक रेषेपासून काही पावलांवर बसलेले असतात. खेळाडूच्या डोक्यावर शिरस्त्राण नसते, हातात बॅट नसते, अंगावर पॅड नसतात. चेहरा उघडा असतो आणि त्यावरची भीती, चिडचिड किंवा आनंद समोरच्याला स्पष्ट दिसतो.

त्यातही चढाईचे तीस सेकंद पूर्णपणे एकट्याचे असतात. ‘कबड्डी कबड्डी’चा दम सांभाळत त्याने सात जणांच्या अंगणात शिरायचे, निदान रेषा ओलांडायची, जमल्यास बोनस रेषा गाठायची आणि परत यायचे. त्या अर्ध्या मिनिटात साऱ्या मैदानाची नजर एकाच माणसावर खिळलेली असते. गुण घेऊन तो मध्यरेषेला स्पर्श करतो, त्या क्षणी मांडीवर पडलेली थाप, आकाशाकडे गेलेला हात किंवा नुसते हसू, यांत प्रेक्षक आपोआप सामील होतात. हुतुतू या जुन्या नावाने हा खेळ महाराष्ट्रात खेळला जात होता, तेव्हापासून शड्डू ठोकणे हा त्याच्या भाषेचाच भाग आहे.

आनंद आणि डिवचणे

मात्र प्रत्येक शड्डू आनंदाचा नसतो. पकडल्या गेलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या तोंडासमोर जाऊन हातवारे करणे किंवा पंचांकडे पाहून आरडाओरडा करणे याला कबड्डीत शिक्षा आहे. हिरवे कार्ड म्हणजे ताकीद, पिवळे कार्ड म्हणजे दोन मिनिटे मैदानाबाहेर आणि लाल कार्ड म्हणजे त्या सामन्यातून गच्छंती. नियम जी सीमा आखतो, ती प्रेक्षकही ओळखतात. मांडी ठोकून स्वतःच्या संघाकडे वळणारा खेळाडू त्यांना आवडतो. पडलेल्या गड्याला हात देऊन उठविणारा तर त्याहून आवडतो. डिवचणाऱ्याच्या वाट्याला टाळ्या येतात त्या फक्त त्याच्याच गावच्या.

आनंदाचे रूपही एकच नसते. कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याच्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई २०१८ मध्ये प्रो कबड्डीत यू मुम्बाकडून प्रथमच उतरला आणि त्या एका हंगामात त्याने चढायांतून २१८ गुण मिळविले. बचावपटूंना अंगावर घेऊन मध्यरेषेकडे ओढत नेणाऱ्या या खेळाडूला प्रेक्षकांनी ‘बाहुबली’ म्हणून डोक्यावर घेतले. पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख रुपये मोजले. त्याआधी याच यू मुम्बाचा कर्णधार होता हरियाणाचा अनुप कुमार. फारसा आवाज न करता, शांतपणे बोनस गुण घेऊन परतणाऱ्या अनुपने २०१५ मध्ये संघाला विजेतेपद मिळवून दिले आणि परप्रांतीय असूनही मुंबईच्या प्रेक्षकांनी त्याला आपलेसे केले. एकाची ताकद आणि दुसऱ्याचा संयम यांत साम्य एवढेच, की खेळताना दोघेही खेळात रमलेले दिसत.

मॅट, लीग आणि हिशेब

२६ जुलै २०१४ रोजी मुंबईत प्रो कबड्डी सुरू झाली आणि गावोगावच्या मुलांना या खेळात पैसा आणि प्रसिद्धी दिसू लागली. मातीच्या जागी मॅट आली, तंदुरुस्तीकडे लक्ष गेले. त्याचबरोबर हिशेबही आला. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण घेणे बंधनकारक झाले. खेळ रेंगाळू नये, हा या नियमाचा हेतू. प्रत्यक्षात आघाडीवरील संघ पहिल्या दोन चढाया निदान रेषा ओलांडून परत येण्यातच घालवतो, असे दृश्य स्थानिक सामन्यांतही दिसते. डावपेच म्हणून त्यात गैर काही नाही. पण रात्री उशिरापर्यंत थंडीत बसलेल्या प्रेक्षकाला तो हिशेब पाहायचा नसतो. सामना हातातून गेलेला असतानाही पाच-सहा बचावपटूंच्या घोळक्यात झेप घेणारा खेळाडू त्याला हवा असतो, आणि ‘पब्लिक हिरो’चे बक्षीस बहुधा त्याच्याकडेच जाते.

या बक्षिसाला खरा धोका मात्र दुसरीकडून आहे. महाड-पोलादपूरच्या डोंगराळ गावांतील तरुण शिक्षण आणि नोकरीसाठी मुंबई, ठाणे, पुण्याकडे जातात. काही वाड्यांत सात गडी जमविणेही अवघड होते. मग मोठ्या बक्षिसाच्या स्पर्धेसाठी बाहेरचे खेळाडू आणले जातात. संघ जिंकतो, चषक गावात येतो, पण मैदानात कोण खेळले हे गावाला सांगता येत नाही. ‘एक गाव, एक संघ’ किंवा तालुकामर्यादित अशा अटी घालून भरविल्या जाणाऱ्या स्पर्धांचे मोल यामुळेच वाढते. तेथे बक्षिसाची रक्कम कमी असली तरी ज्याच्या नावाने हाका मारायच्या तो मुलगा ओळखीचा असतो.

कबड्डीमहर्षी शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचा जन्मदिन, १५ जुलै, राज्यात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. बुवांनी या खेळाला संघटना आणि प्रतिष्ठा मिळवून दिली. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत तो पदकाचा खेळ म्हणून खेळला गेला. तेथवर पोचलेल्या या खेळाचा पाया मात्र गावच्या मैदानाभोवती बसणाऱ्या लोकांनीच घातला आहे. ‘पब्लिक हिरो’ निवडण्याचा अधिकार रायगडच्या मंडळांनी त्यांच्याकडे ठेवला, हे योग्यच झाले. त्यांनी ज्याच्या नावाने टाळ्या वाजविल्या, त्याला पाहून दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात रेषा आखणारी मुलेच उद्याचा संघ असतात.