आधी माणसांचा माग, मग डुकरांचा

पहाटे ४
ह्यूस्टनमधल्या घरी टेबलावर नकाशा पसरलेला आहे आणि भाचा चहाचा कप हातात घेऊन त्यावर वाकलाय. रानडुकराच्या शिकारीतलं सगळ्यात मोठं काम हेच. बंदूक फार शेवटी येते.

टेक्सासची ९५ टक्क्यांहून जास्त जमीन खासगी मालकीची. १८४५ मध्ये अमेरिकेत सामील होताना या राज्याने आपली मोकळी जमीन स्वतःकडे ठेवली आणि पुढे ती विकून, वाटून संपवली. त्यामुळे सर्वांना जाता येईल असं सरकारी रान इथे थोडंच. राष्ट्रीय वनं अवघी चार, तीही १९३० च्या दशकात जमिनी विकत घेऊन उभी केलेली. त्यांपैकी आम्हाला सोयीचं ते सॅम ह्यूस्टन नॅशनल फॉरेस्ट. विस्तार सुमारे १,६३,००० एकर, पण सलग नाही. मधेच कुणाचं शेत, कुणाचं घर, कुणाची कुरणं. म्हणून आधी हद्दी बघायच्या. झाडावर जांभळ्या रंगाचा उभा पट्टा दिसला की ती खासगी जमीन, आत पाऊल टाकायचं नाही. टेक्सासच्या कायद्यात त्या पट्ट्याला पाटीइतकाच मान आहे.

आज आम्ही वनाच्या पश्चिमेकडच्या लिटल लेक क्रीकच्या भागात जाणार. तिथल्या सुमारे ३,८०० एकरांत मोटारगाडीला बंदी आहे. जिथे गाडी जात नाही तिथे माणूसही फारसा जात नाही, आणि डुकराला नेमकी तशीच जागा हवी असते.

पावणेसहा
रस्त्यालगतच्या प्रत्येक थांब्यावर गाडी हळू करतो. कुठे किती पिकअप उभे आहेत, बूट कुठल्या बाजूला गेलेत, ते बघतो. डिसेंबर म्हणजे हरणांच्या शिकारीचा हंगाम, रानात गर्दी असते. पण बहुतेक शिकारी गाडीपासून फार लांब जात नाहीत. त्यांचा वास, दारांचे आवाज, विजेऱ्या यांनी डुकरं मागे सरकतात आणि दाट झुडपांत दडतात. सरकारी जमिनीवर डुक्कर शोधायचं तर आधी माणसांचा माग काढावा लागतो. डुकरं कुठे असतील हे माणसंच सांगतात.

"मामा, या थांब्यावर एकही गाडी नाही. इथेच उतरायचं?"
"नाही रे. पुढे दोन ओहळ मिळतात तिथे. वारा उत्तरेचा आहे, आपण दक्षिणेकडून शिरू."

उतरल्यावर नारिंगी जाकिटं आणि टोप्या. या जमिनीवर दिवसा बंदूक घेऊन हिंडताना किमान ४०० चौरस इंच झगझगीत नारिंगी रंग अंगावर लागतो, त्यातला १४४ छातीवर आणि १४४ पाठीवर; डोक्यावरही नारिंगीच. भाच्याकडे बंदूक नाही, दुर्बीण आहे, तरी त्यालाही मी तोच वेश घालायला लावतो. हा नियम मला मनापासून पटतो. डुकराची नजर कमजोर, त्याला या रंगाने काही फरक पडत नाही; झाडामागच्या दुसऱ्या शिकाऱ्याला मात्र पडतो.

सकाळी ८
ओहळाच्या काठाने वर चालतोय. उजेड झाला की रान वाचता येतं.

पहिली खूण उकरलेली जमीन. ओकच्या झाडांखाली पडलेली फळं, मुळं, गांडुळं यांसाठी डुक्कर नाकाने माती उलथतं. आख्खा पट्टा नांगरल्यासारखा. पण उकीर दिसली म्हणून बसायचं नाही. माती हातात घ्यायची. कडा गोल झाल्या असतील, वर पानं पडली असतील, तर डुकरं कधीच पुढे गेली. ओली, काळी, कडा धारदार, तुटलेली मुळं अजून पांढरी, तर काल रात्रीची.

मग खुरांचे ठसे. हरणाचा खूर पुढे टोकदार असतो. डुकराचा बोथट आणि गोलसर, आणि मऊ चिखलात मागच्या दोन नख्या बाहेरच्या बाजूला उमटतात. लहान-मोठे ठसे एकत्र असतील तर माद्या आणि पिल्लांचा कळप. एकटाच मोठा ठसा बहुधा नराचा, कारण वयात आलेला नर एकटा हिंडतो.

तिसरी खूण मला सगळ्यात विश्वासाची वाटते. डुकराला घाम जवळपास येत नाही, म्हणून ते चिखलात लोळतं आणि मग जवळच्या पाइनच्या बुंध्याला अंग घासतं. बुंध्यावर चिखल किती उंचीवर लागलाय त्यावरून जनावर केवढं ते कळतं. भाचा एका झाडापाशी थांबला. चिखल त्याच्या मांडीपर्यंत होता, आणि अजून ओला.

दुपारी १२
पोळी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. तो विचारतो, "आपल्याकडे रानडुक्कर मारायचं म्हटलं तर वनखात्याचे किती कागद. इथे मर्यादासुद्धा नाही?"

प्रश्न योग्य आहे. आपल्या कोकणात, विदर्भात रानडुक्कर मूळचंच. वाघ-बिबट्याचं भक्ष्य म्हणून जंगलात त्याला जागा आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षणही. शेतकऱ्याचं नुकसान तिथेही खरंच आहे. अमेरिकेत मात्र हे जनावर माणसाने आणलं. १५३९ मध्ये एर्नांदो दे सोतो डुकरं घेऊन फ्लोरिडात उतरला. टेक्सासात ती स्पॅनिश लोकांबरोबर आली, आणि १९३० च्या दशकात शिकारीसाठी युरोपातली रानडुकरं आणून सोडली गेली. आज एकट्या टेक्सासात त्यांची संख्या वीस लाखांच्या वर धरतात. मादी वर्षाची व्हायच्या आतच वयात येते, गर्भ जेमतेम पावणेचार महिन्यांचा, आणि एका वेताला सहसा चार ते सहा पिल्लं. जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांची अंडी, ओढ्याचे काठ, शेतं, काहीच सुटत नाही. मला शिकारीची हौस आहे हे खरं, पण या जनावराच्या बाबतीत ती रानाच्या उपयोगाची आहे असं मी मानतो.

दुपारी ३
ओल्या चिखलाची वाट धरून पुढे गेलो तर बुटक्या पामेटोची दाट जाळी लागली. आत शिरायचं नाही; एकदा आपला वास आत गेला की जागा कित्येक दिवस रिकामी होते. डुकरं कुठून बाहेर पडतील ते ओळखून, वारा तोंडावर घेत, ओहळाच्या वळणावर बसलो.

सव्वापाच
एक मोठी मादी, मागे पिल्लं. नेम घेण्याइतकं अंतर होतं. पण त्यांच्या बरोब्बर मागे झाडांमधून पदयात्रींची लोन स्टार पायवाट जाते आणि मधे गोळी अडवणारा उंचवटा नाही. बंदूक खाली ठेवली. भाचा माझ्याकडे बघत राहिला. मी बोटाने पायवाट दाखवली, त्याला कळलं. डुकरं ओहळ ओलांडून पूर्वेला गेली, ती वाट नकाशावर नोंदवली.

सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने बंदूक रिकामी करून पिशवीत. खासगी जमिनीवर रात्रीही डुकराची शिकार चालते, इथे नाही.

रात्री ९
नोंदी वहीत उतरवल्या: वारा, उकिरीचा ताजेपणा, पायवाटेची बाजू, पुढच्या वेळी बसायची जागा. ती ओहळाच्या पलीकडे, जिथून मागे मातीचा उंच काठ येतो.

टेक्सासात राहणाऱ्या कुणा मराठी वाचकाला हे करावंसं वाटलं तर आधी शिकारीचा सुरक्षा-अभ्यासक्रम पुरा करा. २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तो बंधनकारक आहे. मग परवाना आणि सरकारी जमिनीसाठीचा वेगळा वार्षिक परमिट घ्या, आणि कुठल्या तारखेला कुठलं हत्यार चालतं ते त्या वर्षीच्या पुस्तिकेत स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. डुक्कर साफ करताना हातमोजे घाला, ब्रुसेलोसिस माणसाला होतो; मांस पूर्ण शिजवा. आणि नुसतंच फिरायला जाणार असाल, तरी नोव्हेंबर ते जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत या रानात नारिंगी घालूनच जा, मुलांनाही घाला.