नातवंडाची तीनचाकी आणि आजी-आजोबांचे हात

घरात बाळ आले की पाळणा, झबली, दुपटी यांच्या पाठोपाठ बाबागाडीचा विषय निघतो. ती पसंत करतात बाळाचे आईवडील, बहुधा मोबाइलच्या पडद्यावर. रंग, छत आणि किंमत पाहून. रोज ढकलण्याचे काम मात्र आजी-आजोबांकडे येते. मुलगा-सून सातपूर-अंबडच्या कारखान्यात किंवा कचेरीत निघून गेली, की कोवळ्या उन्हात बाळाला फिरवून आणणारे आपणच असतो. म्हणून या लेखात गाडीचा विचार दांड्याच्या बाजूने करू या. आपले मनगट, आपली कंबर, आपला तोल आणि आपल्या नाशिकचे रस्ते यांना जी गाडी मानवत नाही, ती बाळालाही सुरक्षित नाही.

आज आपण जिला सुटसुटीत, घडीची बाबागाडी म्हणतो, ती मुळात एका आजोबांनीच घडवलेली आहे. ओवेन मॅक्लॅरेन हे इंग्लंडमधील निवृत्त विमान-अभियंता. दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर त्यांनी काम केले होते. त्यांची मुलगी मॉस्कोहून नातीला घेऊन आली, तेव्हा अवजड गाडीशी चाललेली तिची झटापट त्यांनी पाहिली. विमानाची चाके जशी दुमडून पोटात घेता येतात, तशी गाडी का दुमडू नये, असे त्यांच्या मनात आले. १९६५ मध्ये त्यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांची, तीन किलोंहून कमी वजनाची, छत्रीसारखी मिटणारी गाडी तयार केली. तीनचाकीची कुळी मात्र वेगळी आहे. १९८४ मध्ये अमेरिकेतील याकिमा येथील एका धावपटू पित्याने मुलाला बरोबर नेता यावे म्हणून गाडीला सायकलची चाके बसवली, आणि पुढे एकच मोठे चाक असलेली धावण्याची बाबागाडी प्रचारात आली. बाजारातील आजच्या छोट्या तीनचाक्या या दोन घराण्यांच्या मिश्रणातून आल्या आहेत. काहींत पहिल्याचा हलकेपणा अधिक, काहींत दुसऱ्याचा दणकटपणा. आपल्यापुढे कोणती उभी आहे हे आधी ओळखावे.

तीन चाके आपल्याला तशी नवीन नाहीत. आपल्या घरांतल्या लाकडी पांगुळगाड्यालाही तीनच चाके असत. तीन पायांची तिवई खडबडीत जमिनीवरही डुगडुगत नाही, त्याच न्यायाने तीन चाके नेहमी जमिनीला टेकलेली राहतात. पुढचे एकच चाक वळायला हलके असते. अरुंद गल्लीत, दुकानाच्या दारात, लिफ्टमध्ये एका हातानेही गाडी फिरते. ज्यांच्या मनगटात पूर्वीचे बळ उरलेले नाही त्यांना हा लाभ मोठा वाटेल.

या लाभाची किंमतही आहे. चार चाकांचा आधार चौकोनी असतो, तीन चाकांचा त्रिकोणी. त्रिकोणाच्या पुढच्या दोन्ही बाजू निमुळत्या होत गेलेल्या असतात, तेथे खाली काहीच नसते. सरळ चालीत हे जाणवत नाही. पण उतारावर वळताना, पदपथाची कड तिरकी चढताना किंवा रस्त्याच्या कलत्या कडेने जाताना बाळाचा भार त्या रिकाम्या कोपऱ्याकडे झुकतो आणि गाडी कलंडू शकते. नाशिक नऊ टेकड्यांवर वसले, असे जुने लोक सांगतात. सराफ बाजारातून नदीकडे उतरताना त्याचा प्रत्यय पायांना येतोच. अशा ठिकाणी दोन नियम कटाक्षाने पाळावेत. कड चढायची तर गाडी सरळ समोर आणावी, दांडा किंचित दाबून पुढचे चाक उचलावे आणि मग मागची चाके चढवावीत. कड उतरायची तर पाठ करून आधी मागची चाके उतरवावीत. रामकुंडाच्या घाटाच्या पायऱ्यांवर गाडी नेऊच नये. तेथे बाळ कडेवर बरे, आणि तेही तरुण माणसाच्या.

चाकांचा आकार हा दुसरा मुद्दा. चाक जितके मोठे तितके ते खड्ड्यातून, गटाराच्या जाळीवरून, उखडलेल्या फरशीवरून सहज जाते. लहान चाक तेथे अडते, आणि पुढचे चाक अचानक अडले की दांड्यामागचे माणूस पुढे झोकांडते. साठीनंतर हा धक्का साधा राहत नाही. अगदी आटोपशीर गाड्यांची चाके तेरा-चौदा सेंटिमीटरची असतात. ती मॉलच्या गुळगुळीत फरशीसाठी ठीक. इंदिरानगर किंवा गंगापूर रोडच्या आतल्या रस्त्यांवरून, गतिरोधकांवरून रोज जायचे असेल तर वीस सेंटिमीटरच्या आसपासची, भरीव रबराची किंवा फोम भरलेली चाके मागून घ्यावीत. हवेची चाके अधिक मऊ चालतात खरी, पण पंक्चर काढायला कोण जाणार, हा प्रश्न घरात आधीच सोडवावा. पुढचे चाक गरगर फिरणारे असावे आणि खडबडीत जागी ते सरळ स्थितीत अडकवण्याची कळही असावी. काढता येणारे चाक असेल तर प्रत्येक वेळी बसवल्यावर ते ओढून पाहावे. अमेरिकेत २०१८ मध्ये पुढचे चाक चालता चालता निखळण्याच्या तक्रारींवरून सुमारे पाच लाख तीनचाक्यांबाबत ग्राहक-सुरक्षा आयोगाने कारवाई सुरू केली होती. त्या अपघातांत मुलांइतकीच गाडी ढकलणारी मोठी माणसेही जखमी झाली होती.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख मुख्यतः लिहिला, तिच्याकडे येऊ.

गाडी म्हणजे काठी नव्हे

आपल्यापैकी अनेकांना काठी हाती घ्यायची लाज वाटते. डॉक्टरांनी सांगितले, मुलांनी आणून दिली, तरी ती दाराआड उभी राहते. बाबागाडीचा दांडा मात्र विनासंकोच धरता येतो. गुडघे दुखत असले तरी त्याच्यावर भार टाकून दोन फेऱ्या अधिक होतात, आणि ‘नातवामुळे माझे चालणे सुधारले’ असे आपण समाधानाने सांगतो. चालणे होते हे चांगलेच. पण तो भार धोक्याचा आहे.

कारण समजून घ्यावे. वृद्धांसाठी बनवलेल्या चाकांच्या वॉकरमध्ये माणूस मागच्या चाकांच्या मध्ये उभा राहतो. त्याने दिलेला भार सरळ खाली जमिनीत जातो, आणि ब्रेक हाताशी असतो. बाबागाडीत आपण मागच्या चाकांच्याही मागे उभे असतो. दांड्यावर वरून भार टाकला की गाडीचा पुढचा भाग उचलला जातो. पुढे रेटला की ती निसटून धावते. ब्रेक पायाशी असतो, म्हणजे तोल जात असताना नेमका तो पाय उचलावा लागतो. अडखळल्यावर माणूस हातात असेल ते घट्ट धरतो, हा शरीराचा स्वभाव आहे. अशा वेळी आपल्याबरोबर गाडी आणि गाडीबरोबर बाळ खाली येते. उतारवयात हाडे ठिसूळ झालेली असतात. खुब्याचे हाड मोडले तर पुढचे कित्येक महिने घराचे वेळापत्रकच बदलते.

म्हणून गाडी घेण्यापूर्वी एक परीक्षा स्वतःची घ्यावी. दांडा न धरता, हात मोकळे सोडून, नेहमीच्या रस्त्याने पंधरा-वीस मिनिटे चालून पाहावे. चालणे निर्धास्त झाले तर गाडी अवश्य आपल्या हाती असावी. मध्येच भिंत किंवा कठडा शोधावासा वाटला, चक्कर आली, पाय बधिर वाटले, तर गाडी दुसऱ्याने ढकलावी आणि आपण काठी घेऊन शेजारून चालावे. नातवंडाला आपली सोबत हवी असते. दांडा कोणी धरला आहे हे ते पाहत नाही. रक्तदाबाची किंवा झोपेची गोळी नुकतीच बदलली असेल, तर तेवढे दिवस बाळाला एकट्याने बाहेर नेऊ नये.

दुकानात जाताना

गाडी शक्य तर दुकानात जाऊन घ्यावी, आणि जो रोज ढकलणार त्यानेच पारखावी. दुकानात रिकामी गाडी सगळ्यांचीच सुरेख चालते. बाळाचे वजन वर्षाच्या सुमारास नऊ-दहा किलो होते, म्हणून दहा किलो तांदळाची पिशवी बरोबर न्यावी आणि ती बैठकीत ठेवून, पट्टे लावून गाडी चालवून पाहावी. दुकानदार हसेल, हसू द्यावे. एका हाताने वळवावी. दाराच्या पायरीवरून चढवावी-उतरवावी. दांडा धरल्यावर खांदे सैल, कोपर किंचित वाकलेले आणि मनगट सरळ राहिले पाहिजे. आजोबा उंच आणि आजी ठेंगण्या असतील तर वरखाली होणारा दांडा हवाच, नाहीतर एकाची कंबर आणि दुसऱ्याचे मनगट दुखणार. अंगठ्याच्या मुळाशी कळ येण्याचा त्रास बाळाला वारंवार उचलणाऱ्यांना मुळातच होतो. त्यात वाकड्या मनगटाची भर नको.

ब्रेक चप्पल घालूनच तपासावा. काही गाड्यांत तो सोडवण्यासाठी पायाच्या बोटांनी कळ वर उचलावी लागते. बुटांत ते सोपे, चपलेत बोटे सोलवटतात, आणि मग ब्रेक लावण्याचाच कंटाळा येतो. दाबून लागणारा आणि दाबूनच सुटणारा ब्रेक बरा. शिवाय मनगटाला अडकवायचा पट्टा असेल तर उतारावर तो आवर्जून वापरावा.

घडी घालणे स्वतः तीन वेळा करून पाहावे. विक्रेत्याच्या हातात ती दोन क्षणांत मिटते. आपल्याला गुडघ्यावर बसावे लागत असेल तर ती आपल्यासाठी नाही. घडी घालताना आणि उघडताना बाळ हाताच्या अंतरावर नसावे. २००९ मध्ये अमेरिकेत मॅक्लॅरेन कंपनीच्या सुमारे दहा लाख गाड्यांच्या बिजागऱ्यांसाठी संरक्षक आवरणे द्यावी लागली, कारण बारा मुलांच्या बोटांची टोके त्यांत तुटली होती. बिजागरी झाकलेली आहे ना, हे बोट फिरवून पाहावे. वजनाचाही विचार करावा. सात किलोंची गाडी आणि दहा किलोंचे बाळ मिळून सतरा किलो होतात. जिन्यावरून हे ओझे एकत्र कधीही नेऊ नये. लिफ्ट नसलेल्या इमारतीत गाडी तळमजल्यावर ठेवण्याची सोय आधी पाहावी. लिफ्ट असेल तर तिच्या दाराची रुंदी टेपने मोजून न्यावी. जुन्या सरकत्या जाळीच्या लिफ्टमध्ये दोन-तीन सेंटिमीटरवरून बेत फसतो. मोटारीत सीएनजीची टाकी असेल तर मागची अर्धी डिकी गेलेलीच असते. तेही मोजावे.

बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत मान पुरेशी सावरत नाही. तोवर पाठ पूर्ण आडवी होणारी बैठक हवी. अनेक छोट्या तीनचाक्यांत ती नसते, आणि मग थोडे थांबणे हाच मार्ग. पट्टा दोन खांदे, दोन कुशी आणि मांड्यांमधून येणारा, असा पाच टोकांचा असावा, आणि बाळ कितीही रडले तरी तो लावावा. भाजीची पिशवी दांड्याला अडकवण्याचा मोह सर्वांना होतो. बाळ उतरवले की त्या पिशवीच्या भाराने गाडी मागे पडते, कधी बाळ आत असतानाही. पिशवी बैठकीखालच्या जाळीतच ठेवावी.

बैठक जमिनीपासून किती उंच आहे, हेही पाहण्यासारखे आहे. उंच बैठकीतून बाळ काढताना आपली कंबर वाचते आणि ते वाहनांच्या धुरापासून थोडे दूर राहते. इंग्लंडमधील सरे विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले होते, की रस्त्याच्या कडेने गाडीत बसलेल्या मुलांना मोठ्यांपेक्षा साठ टक्क्यांपर्यंत अधिक प्रदूषित हवा मिळू शकते. पण तीनचाकीची बैठक फार उंच झाली की कलंडण्याची भीती वाढते. मधली उंची आणि मागच्या चाकांमध्ये रुंद अंतर असलेली गाडी मला अधिक भरवशाची वाटते. धुराचा खरा उपाय गाडीत नाही, वाटेत आहे. द्वारका चौकाच्या गर्दीपेक्षा गोदापार्क किंवा कृषिनगरचा जॉगिंग ट्रॅक जवळ करावा, तोही वाहने वाढण्याच्या आत.

चैत्र-वैशाखात उन्हापासून वाचवण्यासाठी गाडीवर ओढणी किंवा दुपटे टाकण्याची सवय सर्रास दिसते. ती सोडून द्यावी. सिडनी विद्यापीठात २०२३ मध्ये झालेल्या प्रयोगांत, कोरडे कापड टाकून झाकलेल्या गाडीतले तापमान बाहेरच्यापेक्षा अडीच ते पावणेचार अंशांनी वाढलेले आढळले. ओले पातळ कापड आणि छोटा पंखा असता ते उलट उतरले, पण कापड पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा ओले करावे लागले. आपल्याकडे त्या दिवसांत सकाळी आठच्या आत फेरी आटोपणे हे त्याहून सोपे. बाळाला फिरता फिरता झोप लागली तर घरी आल्यावर त्याला उचलून सपाट अंथरुणावर निजवावे. बसत्या गाडीत मान पुढे पडून श्वास कोंडू शकतो, म्हणून ‘झोपमोड नको’ या मायेपोटी त्याला तसेच ठेवून आपण स्वयंपाकघरात जाऊ नये.

नात्यातल्या कोणाची जुनी गाडी मिळत असेल तर ती नाकारण्याचे कारण नाही. मात्र घडीची खिट्टी पक्की बसते का, ब्रेक लावून ढकलले असता चाक सरकते का, पट्ट्याची बकले शाबूत आहेत का आणि पुढचे चाक हालते का, एवढे सायकल दुरुस्तीवाल्याकडून पाहून घ्यावे. पावसाळ्यानंतर चाकांच्या आसांतला चिखल धुऊन त्यांना तेलाचा एक थेंब द्यावा. आपल्याकडची काळी माती वाळली की पुढचे चाक वळेनासे होते, आणि ते कळते भर रस्त्यात.