बोंडअळीचा अभ्यास कोणत्या विभागात करायचा?

‘जैवतंत्रज्ञान घेऊ का?’ हा प्रश्न बारावीचे विद्यार्थी विज्ञान शिक्षकांना हमखास विचारतात. त्यांतले काही जण पुढे कृषी जैवतंत्रज्ञानाकडे वळतात. पदवी, पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी. या वाटेवर त्यांना जनुक वेगळे काढणे, ते वनस्पतीत घालणे, ऊतीसंवर्धन करणे, डीएनएच्या खुणांवरून वाण ओळखणे अशी कौशल्ये मिळतात. ती आवश्यकच आहेत. पण प्रयोगशाळेत घडवलेले वाण शेतात गेल्यावर त्याचे काय होते, हे त्यांना कोणी शिकवायचे? कीटकशास्त्र विभागाने, कृषी अर्थशास्त्राने, की माती-पाण्याचा अभ्यास करणाऱ्यांनी? हा प्रश्न नीट समजण्यासाठी आपण परिचयाचे एकच उदाहरण घेऊ. ते म्हणजे बीटी कापूस आणि गुलाबी बोंडअळी.

जनुकाची बाजू

मातीत आढळणारा बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू काही विशिष्ट प्रथिने तयार करतो. ती पोटात गेली की काही जातींच्या अळ्या मरतात. या प्रथिनाचे जनुक कपाशीत घातले की झाड स्वतःच ते प्रथिन बनवू लागते. क्राय१एसी हे एक जनुक असलेल्या संकरित वाणांना भारतात २००२ साली परवानगी मिळाली. २००६ साली त्याच्या जोडीला क्राय२एबी हे दुसरे जनुक असलेली वाणे आली. सुरुवातीला बोंडअळ्यांसाठीच्या फवारण्या कमी झाल्या. परंतु गुजरातमध्ये एका जनुकाच्या वाणावर गुलाबी बोंडअळी तगून राहते, असे २०१० साली जाहीर झाले. पुढे दोन जनुकांच्या वाणांनाही ती दाद देईनाशी झाली आणि २०१७च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातील कपाशीचे मोठे नुकसान झाले. अमेरिकन बोंडअळीच्या बाबतीत मात्र तेवढ्या प्रमाणात असे घडले नाही. झाड तेच, जनुके तीच. मग फरक कशाने पडला?

बोंडातला मेंडेल

भारतात पिकणारी बहुतेक कपाशी संकरित आहे. तिच्या एका पालकात बीटी जनुके असतात, दुसऱ्यात नसतात. त्यामुळे संकरित झाडात प्रत्येक जनुकाची एकच प्रत येते. त्याच्या पानांत आणि बोंडाच्या सालीत दोन्ही प्रथिने असतात. पण बोंडातली सरकी ही पुढची पिढी आहे. तेथे मेंडेलचे ९:३:३:१ हे प्रमाण लागू होते. म्हणजे सरासरी १६ सरक्यांपैकी ९ सरक्यांत दोन्ही प्रथिने, ३ सरक्यांत एक, ३ सरक्यांत दुसरे, आणि एका सरकीत एकही नाही.

गुलाबी बोंडअळीचे खाद्य ही सरकीच आहे. बोंडात शिरलेल्या अळीला सगळीकडे सारखी मात्रा मिळत नाही. थोडीफार प्रतिकारशक्ती असलेल्या अळ्या अशा ठिकाणी वाचतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. सरळ वाणांत ही अडचण नसते, कारण त्यांच्या सर्व सरक्यांत जनुके असतात. ९:३:३:१ हे प्रमाण आनुवंशशास्त्राच्या विद्यार्थ्याला पाठ असते. अळी नेमके काय कुरतडते, हे कीटकशास्त्राच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. धोका दिसतो तो या दोन गोष्टी शेजारी ठेवल्यावरच.

आश्रयाच्या ओळी

किडीत प्रतिकारशक्ती लवकर येऊ नये म्हणून बीटी शेताभोवती साध्या कपाशीच्या ५ ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के, यांपैकी जे अधिक असेल तेवढे ‘आश्रय पीक’ लावण्याचा नियम होता. त्यासाठी ४५० ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर १२० ग्रॅम साध्या बियाण्याची पुडी मिळत असे. तर्क सोपा होता. साध्या कपाशीवर बीटीला बळी पडणारे पतंग वाढतात. त्यांचे मीलन मोजक्या प्रतिकारक पतंगांशी झाले, की त्यांची संतती बीटी कपाशीवर बहुधा मरते.

अमेरिकन बोंडअळीला तूर, हरभरा, टोमॅटो अशी अनेक पिके चालतात. तिला निसर्गतःच आश्रय मिळतो. गुलाबी बोंडअळी आपल्याकडे प्रामुख्याने कपाशीवरच जगते. म्हणून ती साधी पुडी तिच्या बाबतीत निर्णायक होती, आणि तीच अनेकदा बांधावर टाकून दिली गेली.

याला शेतकऱ्याचे अज्ञान म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण दोन-तीन एकरांचा धनी स्वतःच्या जमिनीत अळ्या पोसतो तेव्हा तोटा त्याचा एकट्याचा होतो आणि लाभ साऱ्या पंचक्रोशीचा. भूजलाचेही असेच असते. विहीर माझी, पंप माझा. पण उपसलेले पाणी सर्वांच्या विहिरींचे. अळ्यांचे बीटीला बळी पडणे ही भूजलासारखीच एक सामायिक संपत्ती आहे. ती एकदा संपली की पैसे देऊनही परत मिळत नाही. ही साधनसंपत्ती राखायची कशी, हा प्रश्न जनुकाच्या रचनेतून सुटत नाही.

पाण्याचाही यात थेट संबंध आहे. सिंचनाची सोय आणि बरा भाव असेल तर कापूस फेब्रुवारी-मार्चपर्यंत ठेवला जातो. ही फरदड म्हणजे किडीला लांबवर पुरणारी शिदोरी. शेताच्या कडेला रचलेल्या पऱ्हाट्यांत आणि साठवलेल्या कापसातही अळ्या टिकून राहतात. कालव्याच्या पाळ्या ठरवणाऱ्या अभियंत्याला आपण बोंडअळीच्या उत्क्रांतीत सहभागी आहोत, असे क्वचितच वाटत असेल.

अ‍ॅरिझोनातील अनुभव

अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात बीटी कापूस १९९६ पासून आहे. तेथे सरळ वाणे होती आणि आश्रय पिकाचा नियम मोठ्या प्रमाणावर पाळला गेला. ठरलेल्या मुदतीत पऱ्हाट्या गाडल्या जात. २००६ पासून त्याला वंध्य केलेले पतंग सोडण्याची जोड मिळाली, शिवाय कामगंधाचा वापर झाला. अमेरिकेतील कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळीचे निर्मूलन झाल्याचे २०१८ साली जाहीर करण्यात आले. शेते मोठी, कोरडे वाळवंटी हवामान. त्यामुळे ही रीत जशीच्या तशी आपल्याकडे आणता येणार नाही. पण तेथे विद्यापीठातील शास्त्रज्ञ, कृषी विस्तार कार्यकर्ते, शासन आणि शेतकरी एकाच योजनेवर अनेक वर्षे काम करत होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

प्रशिक्षण कसे हवे?

महाराष्ट्रातील चार कृषी विद्यापीठे १९६८ ते १९७२ या काळात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथे उभी राहिली. अध्यापन, संशोधन आणि विस्तार एकाच छपराखाली असावेत, ही त्यामागची कल्पना. जैवतंत्रज्ञानाचे शिक्षण मात्र केंद्र शासनाच्या पुढाकाराने १९८०च्या दशकाच्या मध्यानंतर वाढले, आणि त्यातले पुष्कळसे अभ्यासक्रम शेतापासून दूर असलेल्या जीवशास्त्र विभागांत सुरू झाले.

कृषी विद्यापीठांत आंतरविद्याशाखीय प्रशिक्षणाची साधने मुळात आहेतच. पदव्युत्तर विद्यार्थ्याला मुख्य विषयाबरोबर एक गौण विषय घ्यावा लागतो आणि त्याच्या सल्लागार समितीत इतर विषयांचे प्राध्यापक असतात. आमचा अनुभव असा, की गौण विषय बहुधा मुख्य विषयाला लागूनच निवडला जातो. जैवतंत्रज्ञानाचा विद्यार्थी जीवरसायनशास्त्र घेतो. कृषी अर्थशास्त्र क्वचितच. समितीची भेट सहीपुरती उरते.

आम्हांला तीन बदल महत्त्वाचे वाटतात. पहिला, गौण विषय जरा दूरचा असावा. दुसरा, कृषी पदवीचे विद्यार्थी जसे ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात राहतात, तसा पेरणीपासून वेचणीपर्यंतचा एक हंगाम जैवतंत्रज्ञानाच्या संशोधक विद्यार्थ्यानेही पाहावा. तिसरा, वेगवेगळ्या विभागांतील चार-पाच विद्यार्थ्यांनी एकच प्रश्न वाटून घ्यावा. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने १९९०च्या दशकाच्या अखेरीस अशा संयुक्त प्रशिक्षणासाठी खास शिष्यवृत्ती योजना सुरू केली होती.

यावर एक रास्त आक्षेप आहे: ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ असे तर होणार नाही? म्हणूनच प्रबंध एकाच विषयात खोल असावा. दुसऱ्या विषयाचे तज्ज्ञ व्हायचे नसून त्यांना नेमका कोणता प्रश्न विचारायचा, हे कळण्याइतके शिकायचे आहे. किंमत मात्र द्यावी लागते. वेळ जास्त लागतो, आणि नोकरीच्या जाहिरातीतील ‘संबंधित विषयातील पदवी’ ही अट दोन विषयांच्या सीमेवर काम करणाऱ्याला अडचणीची ठरू शकते. ही अट सैल झाल्याशिवाय विद्यार्थ्यांना धाडस करा म्हणणे योग्य नाही.

वर्गात करून पाहा

शाळेत याची सुरुवात करता येते. प्रत्येक विद्यार्थ्याला एक रुपयाची दोन आणि दोन रुपयांची दोन नाणी द्या. एक विद्यार्थी म्हणजे एक सरकी. रुपयाची नाणी म्हणजे पहिल्या जनुकाच्या दोन जागा, दोन रुपयांची म्हणजे दुसऱ्याच्या. छाप म्हणजे जनुक आहे, काटा म्हणजे नाही. नाणी उडवल्यावर जोडीत एक जरी छाप पडला तरी ते प्रथिन तयार होते. वर्गातील किती सरक्यांत दोन्ही प्रथिने आली, किती सरक्यांत एकच आणि किती सरक्यांत एकही नाही, ते फळ्यावर मांडा. विद्यार्थी १६ पेक्षा बरेच अधिक असतील, तर आकडे ९:३:३:१च्या जवळ जातील.

कापूस पिकणाऱ्या भागात नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये काही हिरवी बोंडेही फोडून पाहता येतील. नुकतीच फवारणी झालेल्या शेतातली बोंडे मात्र घेऊ नयेत. बोंड फोडून झाले की मुलांना विचारा: या अळीला रोखायचे तर कोणाकोणाला एकत्र बोलवावे लागेल? मुलांनी सांगितलेली नावे फळ्यावर लिहून ठेवा. जैवतंत्रज्ञान घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याशी बोलताना ती यादी उपयोगी पडेल.