अलॉयच्या आधी बुश

गाडी घाटात झुलते म्हणून गॅरेजला येणाऱ्या दहापैकी आठ जणांच्या डोक्यात सतरा इंची अलॉय आधीच बसलेले असतात. पुण्यातला माझा मिस्त्री असल्या गिऱ्हाइकाशी वाद घालत नाही. गाडी लिफ्टवर घेतो आणि लोअर आर्मच्या बुशपाशी पहार खुपसतो. माझ्या स्विफ्टचंही त्यानं तेच केलं. पहार जराशी दाबली तर आर्म सरळ मागं सरकला. रबराला आतून चीर गेली होती.

"सर, ब्रेक मारला की चाक मागं जातंय. ह्याच्यावर कसलेही अलॉय लावा, गाडी लाइन सोडणारच."

बुश बदलायचं ठरलं, मग चाकांचा हिशेब. माझ्या व्हीएक्सआयला कंपनीचे १६५/८० आर १४ टायर. त्याच पिढीच्या झेडएक्सआयला १८५/६५ आर १५. बाहेरचा व्यास पहिल्याचा सुमारे ६२० मिलिमीटर, दुसऱ्याचा ६२१.५. त्यामुळे स्पीडोमीटर बिघडत नाही. टायरची भिंत मात्र १३२ वरून १२० मिलिमीटरवर येते, वळणावर ती कमी लचकते, आणि रस्त्याला टेकणारा पट्टाही रुंद होतो. २०५/४५ आर १७ घातला तर भिंत उरते ९२ मिलिमीटर. आपल्याकडच्या खड्ड्यांत एवढ्या पातळ भिंतीवर रिम वाकायला वेळ लागत नाही, त्यामुळे सतरा मी तिथंच सोडले.

अलॉय म्हटलं की हलका, हाही एक गोड गैरसमज. दुकानात दोन्ही चाकं उचलून बघावीत. स्वस्तातला मोठा ओतीव अलॉय कधीकधी मूळच्या लोखंडी डिस्कपेक्षा जड निघतो. चाकाचं वजन स्प्रिंगच्या खालचं. ते वाढलं की खड्ड्यावरून उडालेलं चाक परत रस्त्याला चिकटायला उशीर लावतं. शिवाय बोल्टची जागा जुळली म्हणजे चाक बसलं, असंही नाही. स्विफ्टच्या हबला ५४.१ मिलिमीटरचं भोक लागतं. बाजारातल्या बऱ्याच अलॉयचं भोक मोठं असतं. मधली रिंग टाकली नाही तर चाक बरोबर मधोमध बसेलच असं नाही, मग बॅलन्सिंग करूनही स्टेअरिंग थरथरतं.

गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा घेतल्या नाहीत. दिसायला झकास, पण स्पीडब्रेकरवर पोट घासतं आणि शॉकअप चटकन बंप स्टॉपवर आपटतो. त्या पैशात चारही शॉकअप नवे बसले.

बघण्यासारखं काम शेवटी होतं. नव्या बुशचे बोल्ट मिस्त्रीनं लिफ्टवर नुसते हातानं लावले, गाडी चाकांवर उतरवली, पुढचं बॉनेट दोनतीनदा दाबून सोडलं आणि मगच खाली शिरून पाना मारला. बुशमधली लोखंडी नळी रबराला चिकटलेली असते. आर्म लोंबकळत असताना बोल्ट कसला, तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. घाईतल्या गॅरेजात नेमकं हेच होतं. अलाइनमेंट त्यानंतर, टायरची हवा मोजून.

ताम्हिणीत उताराच्या वळणावर उखडलेला डांबराचा पट्टा लागला. पूर्वी अशा जागी गाडीचं तोंड बाहेर जायचं आणि स्टेअरिंग आणखी वळवावं लागायचं. आता तोंड जागेवर राहिलं. पट्ट्याचा दणका मात्र आधीपेक्षा जास्त जाणवला आणि शेजारच्या सीटवरून बायकोनं विचारलं, "एवढा खर्च करून गाडी कडक झाली का काय?"