चीक, दट्ट्या आणि हजार टन

कोगनोळीच्या टोलनाक्यापासून निपाणीकडे जा नाहीतर कागलकडे, नव्या घरांना ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या दिसतात. या खिडकीचा खाचाखोचांचा लांबलचक 'सेक्शन' ओतलेला नसतो आणि कातलेलाही नसतो. तो दाबून काढलेला असतो. हे काम करणारी एक्स्ट्रुजन प्रेस म्हणजे घरातल्या सोऱ्याची थोरली बहीण.

कुरडईचा चीक आई गरम असतानाच सोऱ्यात भरायची. निवला, की दट्ट्या दोन्ही हातांनीही हलेना. धातूचंही तेच. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं. त्याचं बिलेट (दंडगोल ठोकळा) साधारण 450 ते 500 अंशांपर्यंत तापवतात, म्हणजे ते घनच राहतं, पण साच्यातून वाहायला तयार होतं. जोसेफ ब्रामा यांनी 1797 मध्ये शिशाच्या नळ्यांसाठी या युक्तीचं पेटंट घेतलं.

जोर किती लावायचा? त्यासाठी जॉन्सन यांच्या नावाचं सूत्र आहे. बिलेटचं क्षेत्रफळ भागिले सेक्शनचं क्षेत्रफळ, या प्रमाणाचा नैसर्गिक लॉग घ्यायचा, त्याला साधारण 1.5 ने गुणायचं, 0.8 मिळवायचे आणि आलेल्या आकड्याला धातूच्या प्रतिकाराने व बिलेटच्या क्षेत्रफळाने गुणायचं. 1.5 आणि 0.8 हे आकडे प्रयोगांच्या नोंदींतून काढलेले आहेत. सूत्राने अनुभव कागदावर आणला, एवढंच.

178 मिलिमीटर व्यासाचं, 600 मिलिमीटर लांबीचं बिलेट आणि 50 पट प्रमाण धरू. तापलेल्या धातूचा प्रतिकार 30 मेगापास्कल मानला, तर साच्यातून धातू काढायला सुमारे 500 टन जोर लागतो. बिलेट ज्या भांड्यात बसतं, त्याच्या भिंतीशी होणारं घर्षण जवळपास तेवढंच आणखी मागतं. एकूण हजार टन! प्रमाण 100 पट केलं, तरी साच्याचा वाटा दुप्पट होत नाही, जेमतेम 16 टक्क्यांनी वाढतो. बिलेट मात्र अर्ध्या लांबीचं घेतलं, तर अडीचशे टन वाचतात.

म्हणूनच प्रेसवरचा दाबाचा काटा वाचायला शिकावं. तो आधी उसळतो, बिलेट आखूड होईल तसा उतरतो आणि शेवटी पातळ चकती उरली की पुन्हा चढतो. ती चकती कापून बाजूला काढतात. नवा साचा किंवा नवा मिश्रधातू आला, की आकडे पुन्हा मोजून घ्यावे लागतात. जुन्या नोंदी तिथे जशाच्या तशा चालत नाहीत.

सोऱ्याच्या तळाशी राहिलेला चीक आई बोटाने निपटून घ्यायची. दट्ट्या कुठे थांबवायचा, हे तिच्या मनगटाला नेमकं ठाऊक होतं.