हुर्राक: काजूच्या मोसमाची दारू
गोव्यात मार्च ते मे या काळात काजूच्या बागांतून आंबूस-गोड वास सुटतो. हुर्राकासाठी बोंडू झाडावरून तोडत नाहीत. पिकून आपसूक गळालेलेच वेचतात, कारण गोडी त्यातच पुरती भरलेली असते. बी पिरगाळून काढली की बोंडू तुडवून रस गाळतात. त्यात बाहेरचं यीस्ट घालत नाहीत. फळासोबत आलेल्या यीस्टनेच तो दोन-तीन दिवस फसफसतो. फेस बसला की भट्टीवर चढवतात. पहिल्या धारेचा तो हुर्राक, साधारण १५ टक्के मद्यार्काचा. पुन्हा ताज्या रसाबरोबर उकळला की फेणी. काजूफेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ती वर्षानुवर्षं टिकते. हुर्राकाची चव मात्र लवकर उतरते. तो मोसमातच, लिंबू पिळून आणि हिरवी मिरची चिरून घालून प्यावा.