भांडणाऱ्यांची स्तुती

दुःखात बुडालेला माणूस देवाचे गुण गाऊ लागला की तो भोळा तरी आहे किंवा त्याने परिस्थितीपुढे हात तरी टेकले आहेत, असे आपल्या सुशिक्षित घरांतून सर्रास मानले जाते. मराठी संतांचे अभंग सलग वाचले तर हा समज टिकत नाही. संकटात तग धरणारी जी स्तुती तिथे सापडते तिच्या पोटात तक्रार आहे, आणि तक्रारीला जागा होती म्हणूनच ती टिकली, असे माझे म्हणणे आहे.

तुकोबांचेच पाहा. 1630 ते 1632 च्या दुष्काळाने गुजरात आणि दख्खन उजाड केले. पावसाने दगा दिला, त्यात शहाजहानच्या फौजांची दक्षिणेतली मोहीम. देहूच्या या वाण्याचा व्यापार बुडाला, लोकांतली पत गेली, एक बायको अन्नावाचून गेली. हे त्यांनी स्वतःच एका अभंगात, चोपडीत नोंद करावी तशा कोरड्या भाषेत सांगितले आहे. पडलेले देऊळ नीट करावे असे मनात आल्याचेही तिथेच येते. दुसऱ्या एका अभंगात तर ते दिवाळ्याचे आणि दुष्काळाचे चक्क स्वागत करतात. आजचा वाचक तिथे चपापतो, आणि चपापावेच. पण आपल्यापुरता देव मेला, असेही हाच माणूस त्याच गाथेत सांगून मोकळा होतो. सोयीचा अभंग उचलायचा आणि अडचणीचा झाकायचा, ही खोड कीर्तनकारांना आहे तशी बुद्धिवाद्यांनाही आहे. दोन्ही अभंग शेजारी ठेवले की एक लांबलेले भांडण दिसते. त्यात एखाद्या दिवशी समेट होतो, एखाद्या दिवशी तोंड बघायचे नाही असे ठरते. नाते तेवढे तुटत नाही. जनाबाईच्या नावावरच्या अभंगांत विठ्ठल दळू लागतो आणि सणसणीत शिव्याही खातो. इतक्या हक्काने परक्याला कोणी शिव्या देत नाही.

खरा आक्षेप उभा राहतो तो चोखोबांपाशी. मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम चालू असताना 1338 मध्ये भिंत कोसळून ते गेले, अशी परंपरा आहे. पंढरपुरातली त्यांची समाधी महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीजवळ आहे. ज्याला आत घेतले नाही त्याने आतल्याचे गुण गात राहावे, याहून व्यवस्थेच्या पथ्यावर पडणारे काय असेल? गांधीजींना उत्तर देताना बाबासाहेबांनी नेमके हेच सुनावले होते: देवापुढे सगळे सारखे, असे संत म्हणाले, माणसामाणसांतल्या झगड्यात ते पडले नाहीत. हे नाकारता येत नाही. खुद्द चोखोबा काही अभंगांत आपल्या जन्माचे खापर पूर्वकर्मावर फोडतात. पण त्यांचाच मुलगा कर्ममेळा ते मानायला तयार नाही. आम्हाला हीन जातीत घातलेस तूच, असे तो विठ्ठलाला तोंडावर सुनावतो. एकाच घरात बाप स्वतःकडे दोष घेतो आणि लेक देवाला आरोपी करतो. तरी अभंग दोघेही त्याच विठ्ठलाला उद्देशून रचतात. अस्पृश्यतेच्या उगमावरचा आपला 1948 चा ग्रंथ बाबासाहेबांनी ज्या तीन संतांना अर्पण केला त्यांत चोखामेळा आहेत, तेव्हा त्यांनी या गाणाऱ्याला भोळा समजून बाजूला सारले नव्हते एवढे तरी मान्य करावे लागेल.

विठ्ठलाचे देऊळ अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले ते 1947 च्या मे महिन्यात. भक्तीच्या भाषेतून कृती निघू शकते याचा हा पुरावा खरा, पण तो सहा शतके उशिरा हाती लागतो, आणि ही दिरंगाई आक्षेप घेणाऱ्यांच्याच खाती जमा धरली पाहिजे. कर्ममेळ्याने विचारलेला जाब मात्र त्यांच्या आक्षेपाच्या कितीतरी आधीचा आहे.